सुभेदाराला कुणी मारलं?

बाब्या म्हणतोय, दगड माझ्या हातात हुता. व्हय, हुता! टाच घासायला हुता! विहिरीवर आंघोळीला गेल्याला माणूस दगड घेणार न्हाई, तर काय फणी घेणार? आन तेवढ्यावरनं ह्यो गावभर सांगत सुटलाय, "दिनक्यानं सुभेदाराला मारलं!" समोर येऊ दे बाब्याला, मग दावतो दगड कसा मारत्यात!

बसा पाव्हणं. च्या घ्या. तुमी सांगलीचं, लगीन हून वरीसबी झालं न्हाई, तुमाला आमच्या तालमीतलं काय ठावं? हितं मातीपरास किस्सेच जास्त. घाम पुसला की किस्सा, लंगोट वाळत घातला की किस्सा. त्यातलं निम्मं सुभेदाराचं.

सुभेदार म्हंजे तालमीच्या विहिरीतलं कासव. तुमचं सासरं, आमचं वस्ताद, त्येला पोटच्या लेकरापरास जपत्यात.

*

बहात्तरच्या दुष्काळात वडूजकडचं तळं आटलं. हे चिखलात पडल्यालं. वस्तादांनी पटक्यात गुंडाळलं आन यष्टीत बसलं.

कंडक्टर म्हणाला, "मांडीवर काय हाय?"

"पैलवान."

कंडक्टरनं पटका उचकला. आतनं मान बाहेर आली. गडी दोन शिटा मागं सरला, पर हुता इमानदार. म्हणाला, "ह्येचंबी तिकीट काढावं लागंल."

वस्ताद म्हणालं, "हाफ दे. अजून दात न्हाई आलं!"

*

पुढं कवातरी सुभेदाराच्या पाठीचा टवका उडाला. मग दुसरा. मग मानंला खरचटलं. वस्तादांनी आमा सगळ्यांस्नी मातीत हुबं केलं आन मारुतीची शपथ घ्यायला लावली. कोणच कबूल हुईना.

बाब्याचं तोंड गप बसतंय व्हय? म्हणाला, "वस्ताद, पाठीलाच मार हाय, म्हंजे कुणीतरी चीत केला की वो ह्येला!"

बाब्या दुपारपातुर जोर काढत हुता!

*

रहिमतपूरच्या ढोरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यो म्हणाला, "मला शिंगं असल्याल्यांचं कळतंय."

वस्ताद खवळलं. "शिंगं न्हाईत म्हणून काय ह्यो बेवारशी हाय?"

मग दस्तगीरचाचांकडं. आमचं निखळल्यालं खांदं तेच बसवत्यात. हळद-तेल लावून चाचांनी पाय धरला, की सुभेदारानं पाय आत वढला. मान धरली, मान आत. चाचांनी घाम पुसला. "वस्ताद, ह्यो डाव मला कुणी शिकवला न्हाई!"

*

मग विहिरीवर माझी ड्यूटी लावली. का तर माझं डोकं लवकर फिरतंय. बरुबर हाय, फिरतंय! एक अनोळखी गडी काठावरनं वाकून बघत हुता. मी इच्यारलंबी न्हाई, दिली एक ठेवून!

त्यो निघाला नवा तलाठी. तान लागली हुती बिचाऱ्याला.

म्होरं उतारा आणाय गेलो. त्यानं गाल चोळत इच्यारलं, "विहीर कुणाच्या नावावर हाय? कासवाच्या?"

*

हितवर हसण्यावारी हुतं, पाव्हणं. परवा वस्तादांनी मारुतीम्होरं नारळ ठेवून सांगितलं, "माझ्या लेकराला मारणारा घावंस्तवर ह्या तालमीतला एकबी गडी जत्रंच्या मैदानात उतरणार न्हाई."

आवं, औंदा वडूजच्या गड्यासंगं माझी जोड लागलीया! तीन वर्सं वाट बघितली ह्या कुस्तीची. फुडच्या साली ह्यो गुडघा मला हुबं ऱ्हाऊ देतोय का, कुणाला ठावं? वाट लागली सगळी!

*

आता कालचं ऐका.

रोजचं पयलं पाणी मारुतीला, आन ते वस्तादच वढणार. तवा विहिरीवर दुसरं कोण थांबायचं न्हाई, ही जुनी रीत. मी कडूनिंबावर बसून राखण करत हुतो, डोळा लागला. उठलो तर उजाडल्यालं आन वस्ताद खाली आल्यालं. उतरायची सोय न्हाई. बसलो तसाच फांदीला धरून.

तुमाला म्हाईत हाय, सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. चष्मा लावला तर वस्तादकी जाती, म्हणत्यात.

वस्ताद काठावर आलं. लय मायेनं हाक मारली, "सुभेदार, या!" भाकरीचा तुकडा टाकला. सुभेदार सुळकन वर आला, मान बाहेर काढून.

वस्तादांनी लोखंडी बादली उचलली.

"जय बजरंग!"

ठण्ण!

बादली वर आली. वस्ताद पायऱ्या उतरून वाकलं, हात लांबवून पाण्यात चाचपलं. पाठीचा नवा टवका बोटाला लागला. डोळ्यांला पाणी आलं त्यांच्या. "आरं आरं, आज पुन्ना कुणी मारलं रं माझ्या लेकराला?"

मग वर बघितलं. झाड हाललं वाटतं.

"कोण, दिनक्या? तू हुतास न्हवं राखणीला? दिसला का रं त्यो भाड्या?"

मी पाल्यात तोंड लपवलं.

पाव्हणं, मी बोललो तर मला हितंच गाडत्याल. बाब्या बोलला तर बाब्याला. तुमी जावई हायसा. तुमाला त्यांनी आजपातुर अरं म्हणल्यालं न्हाई. ती कपबशी ठेवा खाली. जत्रा तोंडावर आलीया.

उठा. जावा आन सांगा त्यांना.