ऑरिनची मान

ऑरिन हिमलमनने मान हलवल्याशिवाय कोणी व्हायोलिनचा गज उचलायचा नाही, असा त्या वाद्यवृंदाचा अलिखित नियम होता.

नियमाला कारण होतं. अडतीस वर्षांपूर्वी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातल्या एका चर्चच्या तळघरात ही मंडळी पहिल्यांदा जमली, तेव्हा त्यांच्याजवळ आतड्याच्या तारा लावलेली सात व्हायोलिनं होती, वीसेक हौशी गाणारे होते आणि ऑरिनने दोन हिवाळे स्वैपाकघरात खपून बांधलेला हार्प्सिकॉर्ड, पियानोचा तारा छेडून वाजणारा पूर्वज, होता. जुनं संगीत जुन्याच सुरात, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली वाजवायचं, असा सगळ्यांचा हट्ट. मात्र चर्चचा ऑर्गन आजच्या सुरातला आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या कार्यक्रमात पहिल्याच ओळीला ऑर्गन वर, वाद्यं खाली, आणि गाणारे बिचारे मध्येच कुठेतरी. पुढच्या बाकावरची एक म्हातारी आपलं कानातलं यंत्र काढून झटकत राहिली होती.

तेव्हापासून सगळे सूर ऑरिन तपासायचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी तो बाजूच्या दारात उभा राहायचा, मान हलवायचा, आणि मग गज तारांवर पडायचे.

पोटासाठी तो बोटी बांधणाऱ्या कारखान्यात सुतार होता. आठवडाभर करवतीच्या आवाजात काढायचा आणि शनिवारी वाद्य गाडीत चढवायचा. बंदराची दमट हवा लाकडात शिरायची, तारा उतरायच्या. म्हणून तालमीआधी, कार्यक्रमाआधी आणि मध्यंतरात, असा तीनदा सूर लावायचा. हळूहळू तळघर सुटलं, सभागृह मिळालं, गाणाऱ्यांना मानधन सुरू झालं. पहिल्या सातांपैकी चौघं गेले, दोघं मुलींकडे अल्बर्टाला राहायला गेले. उरलेली एक बोटं आखडल्यामुळे आता श्रोत्यांत बसायची. ऑरिन तेवढा दारात उभा होता. जानेवारीत त्याला एकाहत्तरावं लागलं होतं आणि गुडघे जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागले होते.

गुड फ्रायडेच्या दुपारी सूर लावून झाल्यावर तो नेहमीप्रमाणे खाली चहाला गेला. बायकोने, आर्डिथने, डब्यात ओटकेक दिले होते. डबा उघडल्यावर लक्षात आलं, चष्मा वरच राहिला.

सभागृहाचं दार अर्धवट उघडं होतं. हार्प्सिकॉर्ड वाजवणारी टॅम्सिन वाद्यावर ओणवी झाली होती. तिच्या हातात खुंट्या फिरवायची किल्ली होती. शेजारी आर्डिथ उभी होती. अडतीस वर्षं ती गायकवृंदात खालच्या पट्टीत गात आली होती.

"आटप गं," आर्डिथ म्हणत होती, "दुसरा ओटकेक संपला की येईलच तो."

"वरचे तीनच राहिलेत."

ऑरिन आत आला. टॅम्सिनने किल्ली पाठीमागे लपवली, बिस्किट चोरणाऱ्या पोरीसारखी.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गेल्या ईस्टरपासून," टॅम्सिन म्हणाली.

"त्याच्याही आधीच्या," आर्डिथ म्हणाली. "खोटं कशाला बोलायचं?"

"म्हणजे मी सूर लावायचा आणि तुम्ही पाठीमागून पुसायचा."

"सगळा नाही रे. वरचा तेवढा. खालचा तुझ्यासारखा कोणाला जमतोय?"

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? घरी तू बातम्या लावतोस त्या पलीकडच्या मर्विनला अंथरुणात ऐकू जातात. त्याने टीव्ही विकलाय म्हणे."

टॅम्सिनला हसू आलं, तिने ते गिळलं. ऑरिन हसला नाही. तो बाकावर बसला आणि अगदी वरच्या दोन तारा एकदम छेडल्या. दोन तारा जवळजवळ जुळल्या की त्यांच्यात एक थरथर राहते. ती विरली की सूर लागला. त्याला छेडल्याचा टक् आवाज आला. मग नुसतं लाकूड, सूर नाहीच.

"थरथर आहे?"

"आहे," टॅम्सिन हळूच म्हणाली.

"घालव तिला."

तिने खुंटी केसभर फिरवली.

"गेली?"

"गेली."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ऐकू आलेलं माणसाच्या तोंडावर दिसतं. तिच्या तोंडावर दिसलं. राग यायला हवा होता, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

"मग आज मान तूच हलव," तो म्हणाला.

"मी? ऑरिन, तुमची मान म्हणजे... माझे नुसते केस हलतील."

"चालतंय. केस बांध."

संध्याकाळी शेवटच्या रांगेत, खांबाआड एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर ऑरिन जाऊन बसला. इतक्या वर्षांत तो इथे कधी बसला नव्हता. वादक स्थिरावले. पहिल्या व्हायोलिनवालीने सवयीने बाजूच्या दाराकडे पाहिलं. दार रिकामं. तिचा गज हवेतच थांबला, मग बाकीच्यांचेही. तिची नजर रांगांवरून फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली.

मान हलवणं काय, क्षणाचं काम. तिला तेवढंच हवं होतं. गाणाऱ्यांतून आर्डिथही पाहत होती.

ऑरिनने मान ताठ धरली आणि बोटाने हार्प्सिकॉर्डकडे दाखवलं. तिथे टॅम्सिन केस घट्ट बांधून बसली होती. ती जरा जास्तच जोरात मान हलवून मोकळी झाली.

गज पडले. वरचे सूर लागलेत की नाही, त्याला कळेना. कळून घ्यायचं कामही आता त्याचं नव्हतं. तो वाकला, दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि सुजलेले पाय थंड फरशीवर टेकवले.