दोन नाक्यांच्या मधली गासडी

त्या वर्षी विलायतेकडे मोठी लढाई सुरू होती आणि तिची झळ आमच्या कापसापर्यंत येऊन पोचली होती. मी तेव्हा बीडच्या एका आडत्याकडे कामाला होतो. त्याची रुई प्रेसमध्ये दाबून, गासड्या बांधून, बैलगाड्यांनी नगरच्या स्टेशनावर जायची. तिथून रेल्वेनं मुंबई आणि पुढं आगबोटीनं विलायतेच्या गिरण्या. वाटेत कोणीतरी गासडी उसवायचं, चांगली रुई काढून घ्यायचं आणि वजन भरायला दगडमाती कोंबायचं. तिकडे गासडी उघडली की दगड निघायचे आणि बोल आमच्या आडत्याला लागायचा. म्हणून प्रत्येक गासडीच्या सुतळीवर लाखेचा शिक्का मारायची पद्धत पडली. त्या शिक्क्यांवर नजर ठेवायला मला नेमलं होतं. गाड्यांबरोबर चालायचं, मुक्कामाला उतरलं की एकेक शिक्का हातानं चाचपायचा.

आमच्या पुढच्या गाडीचा गाडीवान नांदूरघाटकडचा होता. वयानं थोरला, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. बैलांशी बोलायचा तेवढंसुद्धा माणसांशी बोलायचा नाही.

कडा गाव मागं टाकलं की सरहद्द जवळ यायची. अलीकडं निजामाचा जकातनाका, पलीकडं इंग्रजांचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक कोरडा ओढा. अलीकडच्या नाक्यावर शिपाई गासड्यांत लोखंडी सळई खुपसून बघायचे, आत अफू वगैरे लपवलीय का म्हणून. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. मी तेव्हा नाकेदाराच्या खोलीत परवाना दाखवत होतो. त्यानं परवाना ठेवून घेतला, अडसर वर झाला आणि आमच्या गाड्या ओढ्यात उतरल्या.

पलीकडच्या हवालदारानं गासड्या बघायला सुरुवात केली आणि मामाच्या गाडीपाशी थांबला. वरच्या गासडीचा शिक्का मधोमध तडकून अर्धा गळून पडला होता.

"ही गासडी पुढं जाणार नाही," तो म्हणाला. "रुईत सुरुंगाची दारू लपवून आगबोटी जाळतात अशी खबर आहे. वरून हुकूम आहे."

"मग ही ठेवून घ्या, बाकीच्या सोडा."

"सगळा माल एकाच परवान्याचा. साहेब येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

साहेब कधी येणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी ओढा ओलांडून परत निजामाच्या नाक्यावर गेलो. नाकेदार सुपारी कातरत होता.

"माल बाहर गया सो गया," तो म्हणाला. "अंदर लाना है तो आष्टीसे नवा परवाना लाव."

आष्टीला जायचं म्हणजे गासड्या सोडून जायचं, आणि गासड्या सोडायच्या नाहीत यासाठीच तर मला पगार मिळत होता. दुसऱ्या कुणाला पाठवावं, तर परवाना मागायचा अधिकार माझ्याच नावावर. मी ओढ्यात येऊन गाडीच्या सावलीला बसलो. दोन्ही काठांवर बंदूकवाले शिपाई. त्यांना आमच्याशी काही वैर नव्हतं. त्यांनी फक्त रस्ता धरला होता.

ऊन चढत गेलं. सावली गाडीखाली आखडत गेली. ओढ्याच्या वाळूत झिरा खणला तर गढूळ पाणी लागलं, ते आधी बैलांना पाजलं. दुसऱ्या दिवशी झिरा आटला आणि कडबाही संपत आला. गाडीवानांचं आपसांत जुंपलं.

"मामाच्या गाडीमुळं आमी काहून मरायचं?" एकजण म्हणाला.

"मामानंच हात मारला असंल," दुसरा म्हणाला.

मामा ऐकत होता. जू पुसत बसला होता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मी त्याच्याजवळ गेलो.

"मामा, काल सकाळी कड्याला मी शिक्का बघितला तेव्हा शाबूत होता. मधे काय झालं?"

"काई न्हाई झालं," तो म्हणाला आणि निजामाच्या नाक्याकडे एकवार बघून त्यानं मान खाली घातली.

तेव्हा मला कळलं. मी उठून गासडीवर चढलो. शिक्क्याच्या अगदी खाली तरटाला भोक होतं, कडेला गंजाचा तांबूस डाग. सळई तिथंच घुसली होती.

मी खाली उतरलो, पण बोललो नाही. बोलून तरी काय होणार होतं? शिपायाचं नाव घेतलं तर हे गाडीवान पुढच्या खेपेला त्याच अडसराखालून कसे जाणार? आणि नाही घेतलं तर दोष पहाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर. वाळूत बसून मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिलो. छातीवर कुणीतरी गासडी ठेवल्यासारखं झालं होतं.

अखेर एकदाचा गोरा साहेब घोड्यावरून आला. त्यानं गासडी बघितली आणि मला तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं, "कोणी तोडला?"

मी तडकलेल्या शिक्क्याकडं बघितलं, मग निजामाच्या नाक्याकडं. तेवढ्यात मामा पुढं झाला. पागोटं काढून हातात धरलेलं.

"सायब, सळईनं तुटला. त्या नाक्यावर. म्या बघितलं हाय."

अलीकडच्या काठावरचे निजामाचे शिपाई सगळं ऐकत होते. मामानं त्यांच्याकडं पाठ केली नाही.

साहेबानं भोकात बोट घालून बघितलं. तरीही त्यानं गासडी फोडायला लावली. लोखंडी पट्ट्या तोडल्याबरोबर दाबलेली रुई फुगून बाहेर आली आणि वाऱ्यानं ओढाभर पांगली. शिपाई ती हातानं पिंजून बघत होते. आत रुईशिवाय काही नव्हतं. साहेबानं सगळ्या गाड्या सोडल्या. माझ्या जिवावरचं ओझं उतरायला हवं होतं, पण निजामाच्या शिपायांपैकी एकजण मामाची गाडी, बैल, बैलांची शिंगं नीट न्याहाळत उभा होता, ते मला दिसत होतं.

परतताना मामा आमच्याबरोबर आला नाही. "मी दुसरीकडनं जातो," एवढंच म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन लांबच्या वाटेला लागला. त्यानंतर त्यानं नगरची खेप कधीच केली नाही. माझी मात्र सुटका झाली नाही. फोडलेल्या गासडीचं नुकसान माझ्या नावावर टाकून आडत्यानं माझ्या थोरल्या भावाला जामीन घेतलं आणि पुढं कित्येक हंगाम मला त्याच वाटेला जुंपलं. दर खेपेला तो ओढा आला की मी एकेक शिक्का पुन्हा चाचपायचो.

पुढं एका उन्हाळ्यात मी मुद्दाम नांदूरघाटला गेलो. मामा रानातून जळण आणून बाजारात विकायचा. बैलजोडी म्हातारी झाली होती. त्यानं मला गूळ-पाणी दिलं.

"मामा, तुम्ही बोलला नसता तर मी अडकलोच होतो," मी म्हणालो.

"तुमी अडकलाच होता," तो म्हणाला. "पर बैलं तहानंनं मरत हुती, म्हून बोललो. लई येळ झाला होता."

मग त्यानं मला गोठ्यात नेलं आणि नवं खोंड दाखवलं.