आमच्या कळंबचा हत्ती

आमच्या वडिलांची सरकारी नोकरी एकदा एका हत्तीमुळे जाता जाता राहिली. हत्ती कागदावरचा होता.

तेव्हा राज्य निजामाचं, कचेरी उर्दूत, आणि आबा, म्हणजे माझे वडील, कळंबच्या कचेरीत कारकून. मी असेन सहा वर्षांची. मामानं सोलापूरहून मला एक चित्रांचं इंग्रजी पुस्तक आणलं. काय चित्रं होती, मुलांनो! लाल कोटातला ससा. कोट एवढा मोठा, की नुसते कान बाहेर. भल्यामोठ्या बुटात होडीत बसावं तसं बसलेलं बदक. शिंगांवर तिरकी टोपी ठेवून हसणारी बकरी. गवताचं पातंन्‌पातं वेगळं रंगवलेलं!

इंग्रजी घरात कुणालाच येत नव्हतं. मराठी पुस्तक डावीकडून उघडतात, हे आबांना ठाऊक होतं. पण परक्या भाषेचं पुस्तक म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे उर्दूसारखं उजवीकडून! त्यांनी ते मागून उघडलं आणि चित्रं बघून गोष्ट लावली. हत्ती उघडाबंब, घरी चहा पितोय. मग बाहेर पडतो. सशाचा कोट घेतो, बदकाचे बूट घेतो, बकरीची टोपी घेतो आणि शेवटी नखशिखांत सजून उभा राहतो.

"ह्यो कोण, आबा?"

"आपल्या कळंबचा तहसीलदार. दौऱ्यावर निघालाय."

"मग बकरी कशाला हसती? तिची तर टोपी गेली!"

आबा म्हणाले, "साहेबापुढं हसावंच लागतं, बाई."

पुढे धाकट्या भावाच्या बारशाला खरेखुरे तहसीलदार घरी आले. आबांनी शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. साहेब मोठे प्रेमळ. मला जवळ बोलावून म्हणाले, "बेटी, हातात काय आहे?"

झालं! मी पानं उलटत सगळा दौरा सांगितला. आबा अत्तरदाणी घेऊन घाईघाईनं मध्ये आले.

"मुन्शीजी," साहेब हळूच म्हणाले, "हा तहसीलदार कुठला?"

"हुजूर, सोलापूरकडचा! इंग्रजी मुलखातला!"

"न्हाय आबा," मी म्हणाले, "तुम्हीच तर म्हणलात, आपल्या कळंबचा!"



साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. ते हैदराबादेत इंग्रजी शिकलेले. त्यांनी ते डावीकडून उघडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत हत्ती बदलला. पावसात भिजणाऱ्या बकरीला त्यानं टोपी दिली, बदकाला बूट, सशाला कोट, आणि उघडाच घरी येऊन खुशीत चहा प्यायला बसला. तीच बकरी, तेच हसू. चित्रातली एक रेषही हलली नव्हती!

"हुजूर," आबा जवळजवळ ओरडलेच, "हाच आमच्या कळंबचा!"

साहेब पोट धरून हसले. मग खोलीतले सगळेच हसले. त्यातलं कोण कशासाठी हसत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांची पाठ वळताच आई म्हणाली, "आधी ह्या पोरीला इंग्रजी शिकवा. न्हायतर हिचं पुढचं पुस्तक आपल्याला उपाशी मारंल!"

त्या काळात मुलीला इंग्रजी शिकवणाऱ्या आबांच्या दूरदृष्टीचं लोक अजून कौतुक करतात. मीही गंभीरपणे मान हलवते. शिक्षण नव्हतं हो ते, आबांच्या नोकरीचा बंदोबस्त होता!