टरफलाची पूड आणि डावा गाल

चाळणी चकचकीत करायची बुद्धी भाचेबुवांना सुचली आणि तिथून सगळं बिनसलं. मामांचा फेसस्क्रबचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक दळणयंत्र आणि मामांचा आवाज. तिथे नव्याने रुजू झालेल्या भाचेबुवांनी कामाचा उत्साह दाखवायला बारीक चाळणी तारेच्या ब्रशने खसाखसा घासली. जाळीची भोकं रुंदावली. शेंगदाण्याच्या टरफलांची पूड कण्यांसकट खाली उतरली, मलमात कालवली गेली, आणि पार्लरवाल्या बायका गिऱ्हाइकांच्या ओरखडलेल्या गालांचे फोटो पाठवू लागल्या.

मामांनी चाळणमावशीला बोलावलं. पूड चाळायची तीच आणि पास करायचीही तीच. तिने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय एक डबी भरली जात नसे.

“मामा, चाळणी मी बिघडवली,” भाचेबुवांनी मान खाली घालून सांगून टाकलं.

“ते सांगायला नको, दुसरं कोण एवढं हुशार आहे इथे? पण मावशी, पूड पास तुम्ही केलीत. कणी हाताला लागली नाही?”

“नाही लागली,” मावशी म्हणाली.

“मग यापुढे पुडीची परीक्षा कोण करणार ते संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर घरी बसा.”

घरी बसणं मावशीला परवडणारं नव्हतं. आणि बसायचं तरी कुणाजवळ? नवरा जाऊन दोन महिने झाले होते.

ती मागच्या नळावर टरफलं धुवायला गेली. भाचेबुवा मागोमाग गेले आणि उगाच बादली इकडची तिकडे करत राहिले.

“बादलीला काय विचारतोयस? मला विचार,” मावशी म्हणाली.

“खरंच लागली नाही?”

तिने तळवे पुढे केले. बोटांची टोकं झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. “ह्या बोटांना काही लागतच नाही, कितीतरी वर्षांपासून.”

“मग इतकी वर्षं?”

“पुडीतून चिमूटभर घरी न्यायची. आमचे हे अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. उजवा गाल मेला, पण डावा भारी नखरेल! तोंड पुसताना त्यावर पूड चोळायची. टोचली की डोळा गच्च मिटायचे. नाही टोचली तर माझ्याकडे बघत राहायचे. बघितलं की पूड पास.” ती हसली. मग टरफलं जरा जास्तच जोरात चोळू लागली. “आता अंदाजाने म्हणते चालेल.”

भाचेबुवांनी बादली खाली ठेवली. ते वाकले आणि स्वतःचा डावा गाल तिच्यापुढे केला. “हा घ्या. मी मामांना सांगतो, दोघं मिळून करू.”

मावशीने ओल्या हाताने गाल चाचपला.

“ह्याच्यावर? हे काटेरी रान आधी साफ कर! कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे जा. ह्यांची दाढी करायला तोच घरी यायचा.” ती क्षणभर थांबली. “शेवटच्या दाढीचे पैसे माझ्याकडून राहिलेत त्याचे.”

“द्या ना, जातोच आहे तर देऊन टाकतो.”

मावशीचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला, तिथेच थांबला, आणि परत पाण्यात आला.

“नको,” ती म्हणाली. “राहू देत अजून. ह्यांचं तेवढंच काय ते बाकी आहे.”