गयाबाईचे आठ सूर

प्लांटमधून रिटायर झाल्यावर शालिकरामने नातीसाठी एक खेळणं करायला घेतलं. मोना पुण्याची, दिवाळीत भिलाईला, सेक्टर दोनच्या क्वार्टरात यायची. खेळणं म्हणजे पाटीएवढी पेटी, तिला हार्मोनियमसारख्या आठ पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली जुन्या कॅसेटची वीतभर टेप. पट्टी दाबली की आतल्या छोट्या मोटरवर टेप सरकायची आणि तिच्यावर भरलेला सूर वाजायचा. टेप संपली की सूर तुटायचा. बोट उचललं की रबर तिला मागे ओढून आणायचं.

सूर बायकोचे, गयाबाईचे. भुलाबाईची गाणी म्हणायला सेक्टरभरच्या बाया तिलाच पुढे बसवायच्या. मे महिन्यातल्या एका दुपारी खाटेवर बसून तिने आठ सूर म्हटले, आणि जूनमध्ये तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज घोगरा झाला. वरच्या सुरांना तो पोचेना. तेव्हापासून ती गुणगुणतही नव्हती.

पेटी जुळवता जुळवता दसरा आला. शालिकरामने पहिली पट्टी दाबली. गयाबाईचा सूर आला आणि त्याच्यासोबत घर्र घर्र. त्याने मोटरला तेल दिलं. घर्र तशीच. मग ध्यानात आलं, हा तर कूलर. मे महिन्यात तो रात्रंदिवस चालतो. सूर भरताना दोघांनाही ऐकूच आला नव्हता. आता कूलर झाकून ठेवलेला, घर शांत, आणि आठही सुरांखाली त्याचीच घरघर.

पुन्हा म्हण, असं तिला सांगण्यात अर्थ नव्हता. भजनमंडळाची हार्मोनियम मागून आणून तो त्याच टेपांवर हार्मोनियमचे सूर भरायला बसला. दार लोटून घेतलं.

"काय करून राहिले?" गयाबाईने दार ढकललं.

"हार्मोनियम भरतो आता. साफ येईन."

"अन् माहे सूर?"

त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. "चूक माहीच आहे. कूलर बंद करायले पाह्यजे होता."

"मे महिन्यात? मंग मी तुमच्यासमोर बसलीच नसती."

"पोरगी हसंन ना."

"हसू द्या. तुमी पुसून टाकसान, त मी कुठून आणू?"

शालिकरामला वाटलं होतं, आपला जुना आवाज ऐकून तिला वाईट वाटेल. म्हणून तर दार लोटून घेतलं होतं.

गयाबाई खाली बसली. पेटी मांडीवर घेऊन तिने एकेक पट्टी दाबून पाहिली. मग भुलाबाईच्या गाण्याची एक ओळ शोधायला लागली. मधेच टेप संपायची, ओळ तुटायची.

"टेप कावून एवढी कंजूष लावली?" ती म्हणाली.

शेवटची, सगळ्यात उंच सुराची पट्टी तिने दोनदा दाबली, टेप संपेपर्यंत.

"हा थोडा चढला आहे," ती म्हणाली.

"पुसू का?"

"हात नका लावू."

शालिकरामने हार्मोनियमचा भाता बांधला आणि ती भजनमंडळात परत द्यायला निघाला.