मेंदू काय त्याच्या बापाचा?

पडद्यावर माझं डोकं होतं. भिंतीएवढं. खाली खुर्चीवर मी. समोर एसी हॉल भरून डॉक्टर.

मला सिकलसेल आहे. रक्ताचा आजार, आईबापाकडून आलेला. त्यात मेंदूला कधी कधी बारीक झटके येऊन जातात, माणसाला पत्ताही लागत नाही. स्कॅनमध्ये मात्र पांढरे ठिपके दिसतात. माझ्या डोक्यात बरेच निघाले. म्हणून धंतोलीतल्या त्या बड्या डॉक्टरनं माझा स्कॅन फुकटात काढला आणि मला या सभेत बोलावलं. "संशोधनाला मदत होईल, बेटा," म्हणाला. मी नवा ड्रेस घालून गेले.

त्यानं लाल दिव्यानं एकेक ठिपका दाखवला. मग इंग्रजीत म्हणाला, "इतकं नुकसान होऊनही ही मुलगी बीएस्सी झाली. आरक्षणाची कमाल!"

हॉल हसला. खो खो हसला.

शेवटच्या रांगेत माझा बाप बसला होता. तो मौद्यात हमाली करतो. इंग्रजीचा गंध नाही. सगळे हसताहेत म्हणजे पोरीचं कौतुक चाललंय, असं वाटून तोही हसला. टाळ्या वाजवल्या त्यानं.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हनत होता वं डॉक्टर? लय खूश दिसून राहिला होता."

"काही नाही बाबा. हुशार हाय म्हने."

तोंड माझं होतं, पण ते खोटं त्या डॉक्टरनं बोलायला लावलं. तेही मी त्याच्याच नावावर मांडलं. रात्रंदिवस जळत होते.

पुढे आमच्या सिकलसेलवाल्यांच्या बैठकीत एक गोष्ट कळली. मेंदूचे स्कॅन इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवतात. नाव काढतात, चेहरा पुसतात, मग जगातला कुठलाही डॉक्टर, कुठलाही विद्यार्थी ते उघडून अभ्यास करू शकतो. त्यात आमच्यासारख्यांची डोकी जवळजवळ नाहीतच. आमच्या त्याच डॉक्टरकडे त्या लोकांनी मागितली होती म्हणे. त्यानं साफ नकार दिला. "ते माझे पेशंट आहेत. माझा डेटा आहे."

माझे! हसायला आम्ही सगळ्यांचे, अभ्यासाला याच्या एकट्याचे.

मी गेले माझ्या स्कॅनची सीडी मागायला. बाहेर पेशंटची गर्दी होती. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"रिपोर्ट दिलाय ना? सीडी कशाला? तुला कळणार आहे का त्यातलं?"

त्याच्यासमोर मी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायची, जपून, घाबरून. त्या दिवशी नाही बोलले.

"कळो का नको कळो. डोकं माझं हाय. काहून देत नाही?"

"फुकट काढलाय तो स्कॅन."

"मंग मी बी फुकटच बसली होती तुमच्या खुर्चीवर. लोकं हासून राहिले होते तवा."

आवाज चढवून बोलले. दार उघडंच होतं. बाहेरची कुजबुज थांबली. त्याचे कान लाल झाले. सभेत खुर्चीवर मान खाली घालून बसलेली मीच होते का, असं मलाच वाटलं. त्यानं सीडी काढून टेबलावर टाकली. मी उचलली आणि आभार मानले नाहीत.

मग बैठकीतल्या एकेकीला घेऊन त्याच्याकडे गेले. एकटं नाही पाठवलं कुणाला. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे स्कॅन इंटरनेटवर खुले झाले. माझाही.

त्यानं ओळखले. चेहरे नव्हते, तरी ओळखले. वर्षानुवर्षं त्याच डोक्यांवर मिरवत होता. फोन आला.

"माझी एवढ्या वर्षांची मेहनत तू चव्हाट्यावर मांडलीस!"

"तुमालेबी खुलं हाय. पाहा ना. पन आता 'माहे, माहे' म्हनू नका."

त्यानं फोन आपटला. त्या रात्री मी पोटभर जेवले.

यानं कुणाच्या लेकराचे झटके वेळेत कळतील, असं बैठकीत म्हणतात. कळोत. फार बरं होईल. पण मला थोर म्हणू नका. मी हे सूड म्हणून करते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कामठीच्या तिघींचे स्कॅन अजून त्याच्या कपाटात आहेत. रविवारी त्यांच्या घरी जाते आहे. नंतर भंडाऱ्याला. त्या हो म्हणाल्या, तर त्याच्या दारात पुन्हा उभी राहीन. एकही डोकं त्याच्या एकट्याचं राहू देणार नाही.