चंद्र लिहिला की दोन गुण

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी बारावीला मराठी शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर अलंकार पकडायला लावते. आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे. सारखा, सम, समान, परी, गत यांतला शब्द दिसला की उपमा. जणू, जणो, गमे, वाटे, की दिसला की उत्प्रेक्षा. ओळीचा अर्थ वाचायचा नाही, शब्द हुडकायचा आणि पुढं सरकायचं. पहिल्याच वर्षी एका पोरानं ‘चल की जेवायला’ हे वाक्य उत्प्रेक्षेत घातलं होतं. त्यात ‘की’ होता ना. या हिशेबानं अख्खं कोल्हापूर दिवसभर उत्प्रेक्षेतच बोलतं. तेव्हा मी हसले होते. आता मला त्या तक्त्याकडं बघितलं तरी संताप येतो, कारण तो तक्ता मीच केलेला आहे.

नोट्सही माझ्याच. उपमेचं उदाहरण म्हणून ‘तिचे मुख चंद्रासारखे सुंदर आहे’ हे वाक्य मी चहा निवेपर्यंतच्या वेळात लिहून मोकळी झाले होते. तेव्हापासून दर वर्षी पोरं ते वाक्य उतरवतात. कुणाचं मुख, कुठला चंद्र, कुणीही विचारत नाही. खरं तर या गावच्या माणसाला अलंकार शिकवावे लागू नयेत. दुकानाच्या दारात कुणी मोटरसायकल आडवी लावली तर दुकानदार म्हणतो, “लई शाणं हायसा पावणं, बरोबर जागा हुडकलीसा.” वरून कौतुक, आतून शिवी. हिला व्याजस्तुती म्हणतात. पण तीच पोरं वर्गात येऊन बसली की त्यांची जीभ दप्तरात जाते आणि नोट्स बाहेर येतात.

गेल्या वर्षी एक मुलगी होती. बिद्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातून पहाटेच्या एसटीनं यायची. आमच्याकडं सकाळची बॅच साठ जणांची असते, चाचणीच्या यादीतले पहिले साठ. उरलेले संध्याकाळच्या बॅचला. सकाळी क्लास करून तिला कॉलेज गाठता यायचं. संध्याकाळची बॅच आठला सुटते. तिथून तिची एसटी, मग फाट्यावर उतरून दोन किलोमीटर उसातली वाट, अंधारात, एकटीनं. घरचे पाठवणार नाहीत हे ती पहिल्याच दिवशी सांगून बसली होती. म्हणजे साठाच्या आत राहिली तर तिचा क्लास, नाहीतर घरी.

चाचणीत प्रश्न होता, उपमा अलंकाराचे उदाहरण लिहा, दोन गुण. पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले. चंद्र, चंद्र, चंद्र. एकानं घाईत ‘चंद्राचे मुख तिच्यासारखे’ असं लिहिलं होतं, त्यालाही मी एक गुण दिला. आणि मग हिचा पेपर आला. तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या आईचे हात उसाच्या पाल्यासारखे आहेत, धरले की कापतात.’

मी पेन खाली ठेवलं. ज्याला उपमा द्यायची ते उपमेय, इथं हात. ज्याची द्यायची ते उपमान, उसाचा पाला. दोघांत सारखं काय, तर कापणं. सांधणारा शब्द, सारखे. चारही अंगं जागच्या जागी, आणि माझ्या चंद्रात नसलेला जीव वर. इतकी वर्षं शिकवून मला पहिल्यांदा कुणी उपमा लिहून दिली होती. मी दोन गुण दिले आणि समासात ‘छान’ लिहिलं.

शनिवारी यादी ग्रुपवर पडली. ती एकसष्टावी होती.

सोमवारी सकाळी ती दारात उभी, सोबत आई. आईनं पदर खोचलेला, हातात पिशवी, बहुतेक इथून सरळ कामावर जायचं असावं. तिनं मला विचारलं, “बाई, पोरीचं काय चुकलं त्ये तेवढं सांगा. मी काय शिकलेली न्हाय, जरा सोपं करून सांगा.”

मी पेपर मागवला. माझे दोन गुण लाल शाईनं खोडून शून्य केलं होतं. ‘छान’ तसंच होतं. मी आईला तिचं उत्तर वाचून दाखवलं. आईनं पोरीकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं. म्हणाली, “हाईतच की तसं. सगळा जलम पाला काढण्यात गेलाय. खोटं काय लिवलं तिनं?”

मी तिला बाकावर बसवलं आणि क्लासच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या खोलीत घुसले. यादी लावण्याआधी सगळे पेपर त्यांच्याच नजरेखालून जातात. दार वाजवलं नाही. म्हटलं, “उपमा कशाला म्हणतात ठाऊक आहे का तुम्हाला? माझ्या विषयाचा गुण तुम्ही कुठल्या अधिकारात खोडला?”

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप्पा उघडला आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. “बसा की मॅडम. अक्षर कुणाचं हाय बघा.”

अक्षर माझं होतं. दोन वर्षांपूर्वी एका पालकानं पोराच्या स्वतःच्या उदाहरणाला अर्धाच गुण का म्हणून इथं धिंगाणा घातला होता. त्या दिवशी वैतागून मीच लिहून दिलं होतं, ‘उदाहरण नोट्समधलेच ग्राह्य धरावे.’ खाली माझी सही. ते भांडण मी कधीच विसरले होते, नियम मात्र कप्प्यात नीट राहिला होता.

“मी फक्त तुमचा नियम लावला,” सर म्हणाले. “आज पाला मान्य केला तर उद्या कोण काय बी लिहील. मग तपासायचं कशावरनं?”

वाचून तपासायचं, असं मी ओरडले. पण माझ्या आवाजात जोर नव्हता, तो त्या कागदानं काढून घेतला होता. अर्ध्या तासाच्या वादावादीनंतर सर एवढ्यावर आले की काठावरच्या पाच जणांची बुधवारी फेरचाचणी घेऊ. नियम तोच. मी मान डोलावली. याची लाज मला आजही वाटते. तिथंच राजीनामा टेबलावर आपटायला हवा होता. पण आपटला असता तर फेरचाचणीही गेली असती, असं मी स्वतःला सांगते. ते कितपत खरं आहे ते मलाच ठाऊक.

बाहेर येऊन पोरीला फेरचाचणीचं सांगितलं. म्हटलं, तुझं उत्तर बरोबरच होतं, माझा नियम चुकीचा आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असूद्या मॅडम. मला समजलंय आता. फुडच्या टायमाला मी चंद्रच लिहितो.”

बुधवारी तिनं चंद्रच लिहिला. सुवाच्य अक्षरात, काना-मात्रा चोख. मी दोन गुण दिले, ती साठाच्या आत आली. तिनं येऊन आभार मानले. मला त्या आभारांची चीड आली आणि ती तिच्यावर काढता येईना म्हणून घरी येऊन भांडी आपटली.

उन्हाळ्यात नोट्स नव्यानं छापायच्या होत्या. मी हट्टानं उपमेखाली दुसरं उदाहरण घातलं, उसाच्या पाल्याचं. पोरीला विचारून घातलं. ती म्हणाली, घाला की. सरांनीही हरकत घेतली नाही, नोट्समध्ये आलं म्हणजे ते नियमात बसलं. मला वाटलं, चला, एवढी तरी परतफेड केली.

यंदाच्या पहिल्या चाचणीत तोच प्रश्न आला. गठ्ठा उघडला. माझ्या आईचे हात उसाच्या पाल्यासारखे आहेत, धरले की कापतात. दुसरा पेपर, तेच. तिसरा, तेच. चंद्र यंदा कुणालाच नको होता, पाल्याचं वाक्य नवीन म्हणून पोरांनी तेच पाठ केलं होतं. त्यात एक पेपर आमच्याच गल्लीत दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा. त्या बाईंनी माझी नाडी बघितलेली आहे, त्यांचे हात मला माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्याला उभं केलं. विचारलं, “तुझ्या आईचे हात कधी धरून बघितलेस का रे?”

तो गोंधळला. मग त्यानं पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, “मॅडम, नोट्समध्ये आहे की.”